जळण्याचे इंग्रजी शब्द: स्कॉर्च, सिंज, चार आणि मागे उरणारं ॲश, सिंडर, सूट... कुठे काय लिहायचं?

मालवी_मंजिरी (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका सर्व्हेयरच्या ऑफिसात आहे, आगीचे पाण्याचे चोरीचे क्लेम येतात त्यांचे रिपोर्ट इंग्रजीत करून देणं हे माझं काम. साहेब जागेवर जातात आणि तिथून हिंदीत व्हॉइस नोट टाकतात, "पीछे की रॅक पूरी जल गई, बीच वाली आधी, ऊपर सब काला काला", आणि त्याचं इंग्रजी मी करायचं. सध्या एका कापडाच्या गोदामाचा क्लेम चालू आहे, मी आपलं बर्न्ट, पार्शली बर्न्ट, फुल्ली बर्न्ट असं लिहून राहिले होते तर साहेब म्हणतात की असं नाही चालत, वाचणाऱ्याला फोटो न बघता कळलं पाहिजे कुठे काय झालंय, नाहीतर कंपनीकडून दहा क्वेरी येतात.

डिक्शनरी उघडली तर प्रत्येक शब्दापुढे जळणे, भाजणे, होरपळणे, तेच तेच. तर कोणी नीट सांगेल का, स्कॉर्च्ड आणि चार्ड यात फरक काय, सिंज फक्त केसांसाठीच का, मागे जे उरतं त्याला ॲश, सिंडर, एम्बर, सूट यातलं काय म्हणायचं, आणि पेपरात येतं ना "शॉप गटेड", त्या गटेडमध्ये आग कुठून आली? मराठीत समजावलं तर बरं, इंग्रजीतून इंग्रजी समजून घ्यायचा कंटाळा आलाय.

---

जुनीपॉलिसी

मंजिरीताई, जनरल इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटमधून रिटायर झालोय, त्यामुळे तुमच्या साहेबांचं म्हणणं पटलं. शब्द आग किती मोठी होती त्यावरून नाही ठरवायचा. वस्तू उरली का, उरली तर कशी उरली, त्यावरून ठरवायचा.

स्कॉर्च्ड म्हणजे रंग गेला. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की शर्टावर तो पिवळट तपकिरी डाग येतो ना, तेवढंच. कापड आहे, भोक नाही, फक्त माल विकायच्या लायकीचा राहिला नाही. चार्ड म्हणजे वरचा थर कोळसा झाला पण आकार शिल्लक आहे, दाराची चौकट आहे, दिसतेय चौकट, पण काळी आणि भेगाळलेली. त्यापुढे डिस्ट्रॉइड किंवा कन्स्यूम्ड, तिथे आकारच नाही, ढीग आहे. साहेबांना सांगा की काळ्या भागाला बोट लावून बघा. बोट काळं झालं आणि खाली मूळ रंग दिसला तर ती काजळी आहे, म्हणजे सूट, वस्तू जळलेलीच नाही. बोटाने कपचा निघाला तर तो चार, म्हणजे कोळसा झालेला थर. व्हॉइस नोटमधलं "ऊपर सब काला" हे दोन्ही असू शकतं आणि पैशाच्या दृष्टीने दोन्हीत फार अंतर आहे.

हा नुसता भाषेचा चोखंदळपणा नाही. 1816 चा इंग्लंडमधला एक खटला विम्याच्या पुस्तकांत अजून शिकवतात, ऑस्टिन विरुद्ध ड्रू. साखरेचा कारखाना, मजल्यावर मजले, आणि खालच्या भट्टीचं धुराडं सगळ्या मजल्यांतून वर गेलेलं. एके दिवशी खाली भट्टी पेटवली पण धुराड्याची वरची झडप उघडायची राहिली. धूर, ठिणग्या, उष्णता सगळं मजल्यांवर कोंडलं आणि साखर खराब झाली. कोर्ट म्हणालं, आग जिथे असायला हवी तिथेच होती, भट्टीत, बाहेर काहीच पेटलं नाही, तेव्हा हे आगीचं नुकसान नव्हे. क्लेम गेला. उलट 1941 च्या हॅरिस विरुद्ध पोलंडमध्ये एका बाईने चोरांच्या भीतीने दागिने शेगडीत कोळशाखाली लपवले, नंतर विसरून स्वतःच शेगडी पेटवली, आणि तो क्लेम मिळाला! कारण जे पेटायला नको होतं ते पेटलं. आपल्याकडेही टेबलावर पहिला प्रश्न हाच असतो की वस्तूला प्रत्यक्ष आग लागली का नुसती धग लागली. म्हणून जिथे आजूबाजूला ज्वाळा होत्या तिथे नुसतं स्कॉर्च्ड लिहून थांबू नका, कशामुळे तेही लिहा, "स्कॉर्च्ड बाय फ्लेम्स फ्रॉम द ॲडजॉइनिंग रॅक" असं. नाहीतर कोणीतरी हुशार माणूस विचारणार की हीटरने तर नाही झालं?

गटेडचं सोपं आहे. गट म्हणजे आतडी. मासा साफ करताना आतलं सगळं काढतात आणि वरचं कवच राहतं तसं, इमारतीच्या भिंती उभ्या आणि आतलं सगळं गेलेलं. आपला इंदूरचा राजवाडाच घ्या, 1801, 1908 आणि 1984 अशा तीनदा आगी बघितलेली वास्तू. सात मजली, खालचे तीन दगडाचे आणि वरचे लाकडाचे. लाकूड गेलं आणि दगड उभा राहिला की तो भाग गटेड. पण पत्र्याचं दुकान पार आडवं झालं असेल तर पेपरवाले काहीही छापोत, ते गटेड नाही, ते बर्न्ट डाउन. आणि एका रॅकला तर गटेड म्हणूच नका, रॅकला आत-बाहेर काय असतं?

---

धागा_न_धागा

भिया, सिंज फक्त केसांसाठी नाही! आमचे वडील मिलमध्ये होते, इंदूरचे भोंगे वाजायचे तेव्हाची गोष्ट, त्यांच्या तोंडी सिंजिंग हा शब्द रोजचा. विणून आलेल्या कापडावर बारीक तंतू उभे असतात, ते तसेच राहिले तर रंग आणि छपाई नीट बसत नाही, म्हणून कापड गॅसच्या ज्योतींवरून वेगाने पळवतात. तंतू जळतात, कापडाला काही होत नाही, आणि पुढे लगेच पाण्यातून काढतात, नाहीतर एखादी ठिणगी राहिली की पूर्ण थान गेलं. थोडक्यात टोकं जळली आणि मूळ वस्तू वाचली की सिंज. भुवई, कोंबडीची पिसं, गालिच्याची लव, सगळ्याला चालतं. तुमच्या रिपोर्टात काठाकाठाने थानाचे सुटे धागे जळले असतील तर "एजेस सिंज्ड" लिहा, एकदम बरोबर.

आता महत्त्वाचं. मंजिरीताई, माल कुठला होता ते विचारलं का? कारण प्रत्येक कापड मागे वेगळं काहीतरी सोडतं. क्लॉथ मार्केटात जुने व्यापारी अजूनही एक धागा ओढून काडी लावून बघतात. सुती असेल तर झटकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत राखाडी मऊ राख. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, काडी बाजूला केली की बहुतेक विझतं, टोकाला काळा मणी बनतो पण चिमटीत दाबला की भुगा. पॉलिएस्टर पेटायच्या आधी आकसतं, वितळतं, आणि टोकाला जो मणी राहतो तो थंड झाल्यावर दाताने पण फुटत नाही (खाऊन बघू नका). महेश्वरी साडीचं तर मजेशीर आहे, ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळला तर एकाच साडीतून दोन वेगळे निकाल.

मग पॉलिएस्टरच्या थानांना चार्ड नाही लिहायचं, ती मेल्टेड किंवा फ्यूज्ड असतात, शंभर थानांचा मिळून एक ठोकळा होतो. आणि व्यापारी म्हणाला की रॅकवर सगळं प्युअर कॉटन होतं आणि खाली ढिगात कडक प्लास्टिकसारखी गोळी सापडली, तर मग साहेबांना चहा मागवायला सांगा, चौकशी लांबणार आहे 😄

---

छप्पन_दुकान_रिकामा_खिसा

एवढे शब्द कशाला लागतात यार इंग्रजांना, आपण जळालं म्हणतो आणि मोकळे होतो.

---

मालवी_मंजिरी (इंदूर)

@छप्पन हो का? घरी आईने भाकरी करपली म्हटल्यावर जळाली म्हणून बघा जरा. खरपूस, करपलं, कोळपलं, होरपळलं, पोळलं, चटका बसला, धुमसतंय, खाक झालं... आपल्याकडे काय कमी आहे. माझं दुखणं एवढंच की यातलं कुठलं कुठे जोडायचं.

@जुनीपॉलिसी काका, बोट लावायची आयडिया भारी आहे, साहेबांना लगेच मेसेज केला. @धागा_न_धागा माल मिक्स आहे, सुटिंग पण आहे आणि कॉटन पण. राखेचं कोणीतरी सांगा ना, मला ॲश आणि सूट एकच वाटतं.

---

प्रयोगवही

केमिस्ट्री शिकवते म्हणून हे मी घेते. दोन्ही आगीतून येतात पण उगम अगदी उलटा. ॲश म्हणजे जे जळूच शकत नव्हतं ते. लाकडात कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेची खनिजं असतात, कार्बन जळून हवेत गेला की ती मागे राहतात, म्हणून पांढरट राखाडी रंग. सूट म्हणजे जे जळायला हवं होतं पण हवा पुरली नाही म्हणून अर्धवट राहिलं ते, जवळजवळ कार्बनच, म्हणून काळं कुळकुळीत. ॲश जिथे आग होती तिथेच खाली सापडते, सूट धुराबरोबर वर जातं आणि जिथे गार जागा मिळेल तिथे बसतं. कंदिलाची काच काळी होते ते सूट. म्हणून शटर बंद असलेल्या गोदामात आग एका कोपऱ्यात आणि काळं मात्र सगळीकडे, यात काहीच नवल नाही.

राखेची एक मजा सांगते. पूर्वी लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून क्षार काढायचे, भांडं म्हणजे पॉट आणि राख म्हणजे ॲश, झालं पोटॅश. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये त्याच पोटॅशपासून धातू वेगळा केला म्हणून त्याचं नाव पोटॅशियम. अल्कली हा शब्दसुद्धा अरबीतून आला, मूळ अर्थ वनस्पतीची राखच. आजी भांडी राखेने घासायची त्यामागे हाच क्षार, तेलकटपणा तोडतो.

एकवचन अनेकवचन सांभाळा. ॲश हा पदार्थ, सिगरेटची ॲश, कोळशाची ॲश. ॲशेस म्हटलं की कशाचं तरी किंवा कोणाचं तरी जे उरलं ते, "रिड्यूस्ड टु ॲशेस". माणसाच्या बाबतीतही ॲशेस. आता दहनानंतर जे राहतं ते मुख्यतः हाडांचं कॅल्शियम फॉस्फेट असतं, परदेशात ते यंत्रात दळून पूड करून देतात म्हणून त्यांना ॲशेस हा शब्द शोभतो, आपण राख सावडायला जातो तेव्हा त्यातून अस्थी वेचून घेतो, दळत नाही, म्हणून आपल्याकडे अस्थी वेगळ्या आणि राख वेगळी. मृत्यूच्या बातमीचं इंग्रजी करायची वेळ आली तर अस्थिविसर्जनाला बोन्स लिहू नका प्लीज, ॲशेसच लिहा.

---

छप्पन_दुकान_रिकामा_खिसा

मॅडम क्रिकेटची ॲशेस पण तीच का?

---

प्रयोगवही

हो तीच. 1882 मध्ये ओव्हलवर इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून हरलं तेव्हा एका पेपरने इंग्लिश क्रिकेटची खोटी मृत्यूची बातमी छापली, देहाचं दहन होईल आणि ॲशेस ऑस्ट्रेलियाला नेल्या जातील अशी. सी. के. नायडूंच्या गावात हे मला सांगावं लागतंय!

---

बाफला_विथ_तूप

एम्बर आणि सिंडर राहिलं ना, ते माझ्याकडे. रविवारी शेतावर कोणी दाल-बाफल्याला (बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) बोलावलं तर नुसते खायला जाऊ नका, कंडे पेटवतात तेव्हापासून बसा. आधी गोवऱ्यांचा ढीग भडकतो, ज्वाळा दिसतात, ते ब्लेझ. त्या वेळी बाफले टाकले तर बाहेरून काळे आणि आत कच्चे, कोणी टाकत नाही. मग ज्वाळा बसतात, गोवरी आकाराने तशीच असते पण आतून लाल, वारा आला की उजळते, तो एम्बर, आपला निखारा. तेव्हा उकडलेले बाफले वर ठेवायचे आणि फिरवत राहायचं. नंतर लाली जाते, वर राखेचा थर धरतो, पण काडी खुपसली तर आत धग आहे, त्या फुफाट्यात बाफले दाबून ठेवायचे की आतपर्यंत शिजतात. ज्वाळ नाही पण आत जळणं चालूच, याला इंग्रजीत स्मोल्डर, आपलं धुमसणं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलाणात जे अर्धवट जळलेले काळे खडे राहतात, ना धड कोळसा ना धड राख, ते सिंडर. बाकी भुकटी ती ॲश.

त्यामुळे रिपोर्टात एम्बर लिहू नका ताई. सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी जातो, तेव्हा पण एम्बर दिसून राहिले असतील तर रिपोर्ट नंतर, आधी फायर ब्रिगेडला फोन.

---

जुनीपॉलिसी

बाफलेवाल्यांनी हसत हसत फार कामाचं सांगितलं. कापसाच्या गाठी, कापडाचे घट्ट रचलेले तागे, हे वरून विझलेले दिसतात आणि आत धुमसत राहतात, कापसाच्या गाठी तर दिवसेंदिवस. "फायर एक्स्टिंग्विश्ड" लिहिण्याआधी वेळ कुठली धरायची, ज्वाळा गेल्या ती का धुमसणं थांबलं ती, हे फायर ब्रिगेडच्या रिपोर्टवरून घ्या, स्वतः ठरवू नका.

अजून एक, माल आतून आपोआप तापून पेटला असेल, ओलं गवत किंवा तेलाने भिजलेल्या चिंध्या पेटतात तसा, तर तो स्पॉन्टेनियस कम्बश्चन. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत त्या मालाचं स्वतःचं नुकसान येत नाही, त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. म्हणून "द स्टॉक स्टार्टेड बर्निंग बाय इटसेल्फ" असलं वाक्य सहज म्हणून टाकू नका हो, त्या एका वाक्यावर क्लेम अडकतो.

आणि लाकूड. जळक्या फळीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोनी फोड दिसतात त्याला ॲलिगेटरिंग म्हणतात. आमच्या वेळी मोठे चमकदार फोड दिसले की लोक बिनधास्त म्हणायचे रॉकेल ओतलंय. आता तपासणीची जी पद्धत मान्य आहे तिच्यात हे धरत नाहीत, फोडांवरून आग लावली का लागली हे कळत नाही. फोड दिसले तर फोड लिहा, रॉकेल लिहू नका. कोळशाचा थर, म्हणजे चार, किती खोल गेलाय ते मात्र जरूर मोजून घ्या, लाकूड साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातं, त्यामुळे एकाच जातीच्या दोन फळ्यांतली खोली बघून आग कुठे जास्त वेळ होती याचा अंदाज येतो. फोटोत शेजारी पट्टी ठेवायची.

---

धागा_न_धागा

क्लिंकर राहिला. वडील सांगायचे मिलच्या बॉयलरमधून लोखंडी सळीने क्लिंकर फोडून काढावे लागायचे. कोळशाची राख फार तापली की वितळते आणि गार होताना दगडासारखी घट्ट होते, ते क्लिंकर. मूळ डच शब्द, आपटलं की खणखणतं म्हणून. सिमेंटच्या भट्टीतून निघतात त्या गाठींनाही क्लिंकरच. गोदामात काही मिळणार नाही हा, उगाच शोधू नका.

---

मालवी_मंजिरी (इंदूर)

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद 🙏 साहेबांनी आज परत जाऊन बोट लावून बघितलं! निघालं असं की मागच्या रॅकवर काहीच नाही, राख आणि कडक ठोकळे. मधल्या रॅकचं लाकूड कपचे निघतंय, वरची थानं काठाने जळलेली, खालची नुसती पिवळी. पुढच्या रॅकला बोट काळं होतंय पण खाली कापड ठीक आहे, फक्त धुराचा वास आणि पाण्याने ओलं. मी असं लिहिलंय, बघा:

"स्टॉक ऑन द रिअर रॅक वॉज कम्प्लीटली डिस्ट्रॉइड, लीव्हिंग ॲश अँड फ्यूज्ड सिंथेटिक मास. द मिडल रॅक वॉज चार्ड. फॅब्रिक ऑन इट्स अपर शेल्व्ह्ज वॉज सिंज्ड ॲट द एजेस अँड दॅट ऑन द लोअर शेल्व्ह्ज स्कॉर्च्ड. द फ्रंट रॅक वॉज बर्न्ट बाय स्मोक."

---

जुनीपॉलिसी

पहिली तीन वाक्यं उत्तम, तशीच ठेवा, फक्त स्कॉर्च्डच्या पुढे "बाय फ्लेम्स फ्रॉम द रिअर रॅक" जोडा. शेवटचं बदला. धुराने काही बर्न होत नाही. "अफेक्टेड बाय सूट, स्मोक ओडर अँड फायरफायटिंग वॉटर" लिहा. पाणी मुद्दाम लिहा, आग विझवताना झालेलं पाण्याचं नुकसान आगीच्याच खात्यात धरतात, ते राहिलं तर व्यापाऱ्याचं नुकसान होतं.

---

प्रयोगवही

आणि त्या व्यापाऱ्याला आजच सांगा की पुढच्या रॅकवरची काजळी ओल्या फडक्याने पुसू नको. जे अजून कोरडं आहे त्यावर पाणी लागलं की सूट कापडात मुरतं, मग निघत नाही. आधी कोरडंच, व्हॅक्यूमने वरच्या वर ओढून घ्यायचं, घासायचं नाही. गोदामात पीव्हीसीच्या वायरी किंवा पिशव्या जळल्या असतील तर धुरात आम्ल असतं, शटर आणि शिलाई मशीन असेल तर ती पण लवकर गंजतात, तेही बघून घ्यायला सांगा.

---

मालवी_मंजिरी (इंदूर)

अरे हो, मशीन आहेत दोन पिकोच्या, त्यांचा तर उल्लेखच नव्हता व्हॉइस नोटमध्ये. साहेबांना फोन लावते.